सदर ओळ पुसू नये

अण्णा, चाललं.

आधी हे सांगते, बाकीचं मागाहून. आज सकाळी सव्वादहाला चाललं. मी खुर्चीतून उठले, दुकानात एक चक्कर मारली, परत बसले, परत चालवलं, परत चाललं. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून म्हणाला, मॅडम, एकट्याच काय हसताय. त्याला काय सांगणार? ज्याला सांगायचं तो माणूस बारा दिवसांपूर्वी गेला. 'साचा' म्हणजे काय आणि त्यात आज काय घडलं हे ऐकून माझ्यासारखा उठून फेऱ्या मारणारा माणूस लातुरात दुसरा नाही. म्हणून लिहायला बसले. तसंही तोंडी सांगितलेलं तुम्हाला कधी खरं वाटायचं नाही. कागदावर आलं की मग तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात.

कचेरीत चौतीस वर्षं मराठी टंकलेखक म्हणून काढलीत, अठ्ठावन्न पूर्ण झाली, शाल-नारळ घेऊन घरी गेलात आणि आठवडाभरात घरी बसून कंटाळलात. माझ्या दुकानाच्या दारात उभे राहून म्हणालात, कॉम्प्युटर शिकायचाय. मी तेव्हा शिकवणीवाल्यांसाठी हजेरीचे प्रोग्राम लिहायची. म्हटलं, या वयात? तुम्ही कळफलकावर बोटं ठेवलीत आणि माझ्या डोळ्यांदेखत एक अख्खं परिपत्रक तोंडपाठ टाइप करून दाखवलंत. एक वेलांटी चुकली नाही. मी दुसरी खुर्ची आणली. ती तुमची झाली ती कायमची.

ज्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं, तोच तो उन्हाळा. शिकवणीची पोरं गावाकडं पळालेली, माझं काम बंद. तेवढ्यात तालुक्याच्या कचेऱ्यांतून विचारणा सुरू झाली. कोणत्या गावानं टँकर मागितला, कधी मंजूर झाला, किती खेपा झाल्या, एवढं लिहून घेणारा आणि रोज सकाळी टँकरवाल्याच्या हातात यादी देणारा छोटा प्रोग्राम हवा होता. मी खूश. पण प्रत्येक कचेरीचा नमुना थोडा थोडा वेगळा. मी एक प्रोग्राम लिहायचा, त्याची नक्कल करायची, तालुक्याचं नाव बदलायचं, एक रकाना काढायचा, दोन घालायचे, कुठंतरी चुकायचं आणि सगळं पुन्हा. तुम्ही दोन दिवस मागं उभे राहून बघत होतात. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"हे तर स्टेन्सिल हाय की. येकदा कापायचं आन् पाहिजेत तितक्या प्रती काढायच्या. तू दर टायमाला नवं कापून राहिलीस."

अण्णा, त्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर ऐकवलं असतंत. त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. एकच नमुना, त्यात जागोजाग कोऱ्या जागा. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की कोऱ्या जागा भरून त्या कचेरीचा अख्खा प्रोग्राम बाहेर. नाव तुम्हीच ठेवलंत, साचा. 'साचा' असं लिहायचं, पुढं दोन आडव्या रेघा आणि हवा तो पर्याय: --तालुका, --जिल्हा, --रकाने. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपले, हा तुमचा हट्ट. कचेरीतल्या माणसाला वाचता आलं पाहिजे म्हणालात.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत पाच तालुक्यांचे पाच प्रोग्राम तयार झाले. तुम्ही म्हणालात, पुन्हा. मी पुन्हा चालवलं. तुम्ही म्हणालात, आता मी. मग स्वतः बसलात आणि अकरा वेळा चालवलंत. मी मोजलं. अकराव्यांदा उभे राहिलात आणि पडद्याला चक्क नमस्कार केलात. आज सकाळी मला तेच करावंसं वाटलं.

आपले पर्याय मी आज वरून खालपर्यंत वाचून काढले आणि लक्षात आलं, एकही पर्याय भांडणाशिवाय जन्माला आलेला नाही. --जिल्हा घ्या. मी म्हटलं, काही टाइप केलं नाही तर लातूर धरू, उगाच बोटं कशाला झिजवायची. तुम्ही ऐकेनात. "जिल्हा बदलतो, पोरी. म्या बदलताना पाह्यलाय." लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा तुम्ही नवे नवे नोकरीला लागला होतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. महिना झाला नाही तोच बिलोलीकडच्या एका कचेरीतून तिथले कारकून हबीबभाई यांचा फोन आला, आम्हालाही द्या म्हणून. जिल्हा नांदेड. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि नुसते मिशीत हसलात. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

--खर्डा तुमचा. प्रत्यक्ष काही न लिहिता नुसतं काय लिहिलं जाईल ते दाखवायचं. साहेबांपुढं कच्चा खर्डा ठेवल्याशिवाय पक्कं टाइप करायचं नाही, ही तुमची जुनी शिस्त. --गप माझा. साचा चालताना काही बोलू नये म्हणून. दिवसभर तुमची टकळी ऐकून मला तेवढाच सूड सुचला होता. आणि --मदत टाइप केल्यावर जो मजकूर येतो तो सगळा तुमचा. 'सदर पर्यायाचा वापर करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.' 'सदर पर्याय वापरल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी वापरकर्त्याची राहील.' मी हसून हसून लोळले होते. तुम्हाला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडं येते.

साचा चालवला की जुना प्रोग्राम जायचा आणि त्या जागी नवा यायचा. माझं म्हणणं, बरोबरच आहे. दुरुस्ती करायची ती नमुन्यात करा, बाहेर पडलेल्या प्रोग्रामला कुणी हात लावू नये. सगळ्या जगात असंच करतात. तुमचं म्हणणं, जगाचं मला सांगू नको, कचेरीतला माणूस हातानं लिहिणारच. छापील नमुन्यात मावत नाही असं काहीतरी रोज त्याच्यासमोर येऊन उभं राहतं. शेवटी मी तुमच्या समाधानासाठी एक पर्याय घातला, --जुने-ठेवा. तो टाइप केला की जुन्या प्रोग्रामला धक्का लागणार नाही. मला वाटलं, मिटलं.

तुम्ही म्हणालात, "ज्याला आठवन ऱ्हात न्हाई, त्यानंच आठवनीनं टाइप करायचं व्हय?"

मी म्हटलं, ज्याला प्रोग्राम वापरायचाय त्यानं एवढं लक्षात ठेवायला नको? पंधरा दिवसांनी मीच विसरले.

बिलोलीकडं एका गावाच्या वर, माळावर एक वस्ती होती. सरकारी यादीत गाव होतं, वस्ती नव्हती. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि ते पाणी माळापर्यंत पोचायचं नाही. वस्तीची वेगळी खेप मंजूर झाली होती, फक्त यादीत नाव नव्हतं. तुम्ही फोनवर अक्षर अक्षर सांगून हबीबभाईंकडून प्रोग्राममध्ये ती एक ओळ हातानं घालून घेतली होती. मला माहीत होतं. तुम्ही सांगितलं होतंत. आणि एका दुपारी मी तारखेच्या रकान्यातली एक चूक नमुन्यात सुधारली, सगळ्या तालुक्यांसाठी साचा चालवला, सगळ्यांना नवे प्रोग्राम पाठवले आणि खुशीत उसाचा रस प्यायला गेले. --जुने-ठेवा टाइप करायचं राहिलं. बिलोलीकडची ओळ गेली. टँकरवाल्याच्या यादीत वस्तीचं नाव येईना. तीन दिवस तिथं पाणी गेलं नाही.

हबीबभाईंचा फोन तुम्ही घेतलात. ठेवल्यावर माझ्याकडं न बघता म्हणालात, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. ओळ फोनवर सांगूनही घालता आली असती. त्याच संध्याकाळी ती घातली गेलीही होती. तरी तुम्ही मला नेलंत.

एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत. मी मनात सगळी उत्तरं तयार करून बसले होते. नांदेडला गाडी बदलली, नरसीच्या पुढं ऊन चढलं, खिडकीचा गज हाताला चटका द्यायला लागला, तेव्हा तुम्ही एकदम म्हणालात, "म्या बी पुसली होती."

मग सांगितलंत. नवा जिल्हा झाला तेव्हा सगळे नमुने जुन्या जिल्ह्याचे होते. वरचं नाव बदलून स्टेन्सिलं नव्यानं कापायचं काम तुमच्याकडं आलं. टंचाईच्या नमुन्यात अगदी खाली कुणीतरी लोखंडी लेखणीनं एक ओळ कोरली होती, वाड्या-वस्त्यांची. वेडीवाकडी. तुम्हाला वाटलं, ही मूळ नमुन्यातली नाही, कुणीतरी खरडलीय. तुम्ही स्वच्छ, सरळ स्टेन्सिल कापलंत आणि ती ओळ सोडून दिलीत. साहेबांनी सगळ्यांसमोर तुमच्या कामाचं कौतुक केलं. आणि त्या उन्हाळ्यात वस्त्यांची मागणी लिहायला कागदावर जागाच उरली नाही.

"त्यात आमची बी वस्ती होती," तुम्ही म्हणालात. "मायनं त्या साली गावातल्या हिरीवरनं पानी वाह्यलं, समद्यायचं झाल्यावर. तिला म्या कधी सांगितलं न्हाई."

अण्णा, त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं? माझं चुकलं, एवढंच. दोन शब्द. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, पण नियमानं दुरुस्ती नमुन्यातच करायला हवी होती. काय हे माझं तोंड. तुम्ही नुसतं हूं म्हणालात आणि पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढं धरलीत.

वस्तीवर दहा-बारा घरं. एका आजीनं आपल्याला ओट्यावर बसवलं आणि दोन पेल्यांत पाणी आणलं. मी नको म्हणणार, तेवढ्यात तुम्ही घटाघट प्यायलात आणि डोळ्यांनी मला दटावलंत. मीही प्यायले. तीन दिवस जिच्या घरी माझ्यामुळं पाणी नव्हतं, तिच्या हातचं पाणी मी प्यायले. आजीनं विचारलं, "आमी हाव का आता यादीत?" तुम्ही म्हणालात, हाव. मग ती माझ्याकडं वळली. तिला काय कळलं होतं कोण जाणे. "परत तर न्हाई ना जानार, बाई?"

तुम्ही बोलू शकला असतात. बोलला नाहीत. मी म्हटलं, "नाही जाणार."

परतताना कचेरीत थांबलो. हबीबभाईंच्या मशीनवर तुम्ही ती ओळ एकदा नीट तपासलीत आणि तिच्यावर आणखी एक ओळ टाइप केलीत. प्रोग्राममध्ये माणसांनी माणसांसाठी लिहिलेला शेरा असतो, मशीन तो वाचतच नाही, तसली. तुम्ही काय लिहिलंत ते वाचून मला त्याही दिवशी हसू फुटलं. प्रोग्राममध्ये 'सदर' कोण लिहितं हो?

तेव्हापासून माझ्या मॉनिटरच्या कोपऱ्याला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'जुने-ठेवा टाइप केले काय?' आजीला दिलेला शब्द इतकी वर्षं त्या चिठ्ठीवर टिकून होता. आणि तो पुरता टिकतही नव्हता. --जुने-ठेवा म्हटलं की जुनं सगळंच राहायचं, मग नमुन्यात केलेली सुधारणा तिथं पोचायची नाही. नवं घ्यावं तर ओळ जाते, ओळ ठेवावी तर नवं येत नाही. मग दर वेळी मी बिलोलीचं काम वेगळं काढून, हातानं, जीव मुठीत धरून करायची. आणि दर वेळी आपण भांडायचो. तुम्ही म्हणायचात, राख. मी म्हणायची, बदल. गेल्या महिन्यातसुद्धा भांडलो. यंदा पुन्हा पावसानं दडी मारलीय, कचेऱ्यांचे फोन सुरू झालेत, तिकडं नव्या जिल्ह्याची चर्चाही पुन्हा निघालीय. म्हणजे सगळेच प्रोग्राम नव्यानं काढावे लागणार. तुम्ही म्हणालात, यंदा तरी काय ते ठरव. मी म्हटलं, सोमवारी बोलू. सोमवारी तुम्ही नव्हतात.

पहिले काही दिवस मी दुकान उघडलंच नाही. मग शांतामावशींनी आपल्या नवऱ्याच्या, तुमच्या, जलदान विधीचा आणि पुण्यानुमोदनाचा कागद हातात दिला. छापखान्यातला नेहमीचा नमुना, कोऱ्या जागांत तुमचं नाव, वार, वेळ. तुम्ही बघितलं असतंत तर दोन चुका काढल्या असत्यात. पण खाली चार बोटं जागा मोकळी सोडलेली होती, बारीक चौकट आखून, आणि त्या चौकटीत मावशींनी प्रत्येक कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'ऊन फार आहे, सकाळीच या. पाण्याची सोय केली आहे.'

मी विधीला आले. मांडीवर तो कागद ठेवून बसले होते. वंदना चालू होती, सगळ्यांनी हात जोडलेले, आणि माझी नजर त्या चौकटीवरून हलेना. छापील छापील राहिलं होतं, हाताचं हाताचं. कुणी कुणाला पुसलं नव्हतं. विधी झाल्यावर मी मावशींना विचारलं, ही जागा तुम्ही सोडायला सांगितली? त्या म्हणाल्या, न्हाई गं, छापखानावाला सगळ्यालाच सोडतो, लोक खाली काहीतरी लिहितातच म्हणतो. अण्णा, मला तिथंच ओरडावंसं वाटलं. तुमच्या विधीच्या दिवशी मला इतका आनंद झाला, याची लाज वाटली आणि आनंद काही जाईना. मावशींना मिठी मारली. त्यांना वाटलं, मला रडू आलं. तेही खोटं नव्हतं.

आपण दोघं इतकी वर्षं राख की बदल यावर भांडत बसलो आणि जागा सोडायचं कुणालाच सुचलं नाही. आता ऐका काय केलंय. नमुन्यातच एक चौकट आखली. वर एक खूण, हाताची जागा सुरू. खाली एक खूण, हाताची जागा संपली. साचा चालला की आधी जुना प्रोग्राम उघडून त्या दोन खुणांमधलं काढून बाजूला ठेवतो, मग सगळं नवं लिहितो आणि चौकटीत हाताचं जसंच्या तसं परत बसवतो. नवंही येतं, जुनंही राहतं. आणि त्यासाठी पर्याय नाही. दोन आडव्या रेघा नाहीत, काही टाइप करायचं नाही, काही आठवायचं नाही. ते नेहमी होणारच. --जुने-ठेवा मी काढून टाकला. --मदत मध्ये एक वाक्य घालायचं होतं, ते तुमच्यासारखं लिहून बघितलं: 'हाताने लिहिलेला मजकूर कायम राहील. त्याकरिता वेगळी कार्यवाही करण्याची आवश्यकता नाही.' त्यात 'सदर' कुठं बसवायचा ते कळलं नाही.

आज सकाळी हबीबभाईंकडून त्या उन्हाळ्यापासून चालत आलेला प्रोग्राम मागवला. ओळीच्या वर-खाली खुणा घातल्या. खर्डा काढला, कारण तुम्ही बघत असता तर विचारलं असतंत. मग साचा चालवला, मुद्दाम काही न आठवता, त्या दुपारी चालवला होता तसाच. पडद्यावर आलं: 'बिलोली. नवे लिहिले. हाताच्या ओळी जपल्या: २.'

दोन? मी घाबरले. वस्तीची तर एकच ओळ होती. फाइल उघडली. पहिली ओळ मशीन वाचतच नाही अशी, म्हणून मी मोजलीच नव्हती, ती तुमची:

'सदर ओळ पुसू नये. येथे माणसे राहतात. — कि. वाघमारे, टंकलेखक (से.नि.)'

आणि तिच्या खाली वस्ती.

अण्णा, माझं चुकलं होतं. एसटीतच म्हणायचं होतं. उशीर झाला, पण हे कागदावर आहे, म्हणजे तुम्हाला खरं वाटेल. मॉनिटरवरची तुमची चिठ्ठी काढायला गेले, एक कोपरा उचलला आणि परत दाबून बसवला. राहू दे. तिची आता गरज नाही. आता मी विसरले तरी चालतं.